जुन्या वाचकाचं चूकपत्र

'जावा जावा उभा दावा' ही म्हण ज्याने केली, त्याने एका घरातल्या दोन जावा पाहिल्या असतील. एका घरातल्या आणि वर एकाच कचेरीतल्या दोन जावा त्याने पाहिल्या असत्या, तर तो म्हण करायला थांबलाच नसता. गाव सोडून गेला असता.

मी थोरली. गेली एकोणीस वर्षं मी एका मासिकात तपासनीस आहे. मासिक प्राचीन इजिप्तवरचं आहे. राजे, थडगी, देवळं, ममी, उत्खननं, जुनी भांडी आणि जुनी भांडणं, सगळं सोप्या भाषेत, रंगीत चित्रांसकट, दर महिन्याला. लोक त्याला 'ममीवाल्यांचं मासिक' म्हणतात. केस कापायच्या दुकानात आणि दाताच्या डॉक्टरकडे आमचा अंक हमखास सापडतो. दात उपटून घ्यायच्या आधी माणसाला आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतलं कुणीतरी बघायचं असतं, असं आमचे संपादक म्हणतात.

तपासनिसाचं काम असं असतं. लेखक लेख लिहितो आणि त्यातल्या प्रत्येक ठोस गोष्टीखाली, म्हणजे साल, नाव, माप, जागा यांच्याखाली, लाल पेन्सिलीने रेघ मारतो. मी प्रत्येक रेघ पुस्तकांशी ताडून बघते, बरोबर असेल तर बाजूला खूण करते आणि शेवटच्या पानावर सही ठोकते. माझ्या सहीशिवाय पान छापखान्यात जात नाही. रेघांच्या मधला मजकूरही तपासनिसाने वाचायचा असतो. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, कारण तो न वाचण्याइतका नग कचेरीत असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

इतक्या वर्षांत मी इजिप्त पाहिलेलं नाही. कोणत्या थडग्यात किती पायऱ्या उतरायच्या, कोणत्या भिंतीवर कोणत्या राजाचं नाक फुटलंय, ते मला पाठ आहे. पाय मात्र लागले नाहीत. कधीतरी जाऊ म्हणून पासपोर्ट काढला होता. दहा वर्षांनी तो कोराच संपला. मग नवा केला. तोही कोरा आहे. आमचे हे म्हणतात, "तुझा पासपोर्ट इतका स्वच्छ आहे, की त्याच्यावर पोळपाट ठेवावा."

धाकटीला मासिकात मीच आणलं. ही गोष्ट मी पुढे शंभर वेळा स्वतःला ऐकवली. दिराच्या लग्नानंतर तीन वर्षांनी तिची शाळेतली नोकरी सुटली आणि ती घरी बसली. घरात सासूबाई. दोघी दिवसभर एकमेकींसमोर, आणि संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की दोन्हीकडच्या तक्रारी माझ्याच पदरात. शेवटी मीच संपादकांना म्हटलं, "सर, वाचकांची पत्रं फोडायला कोणीतरी लागतंच ना? आमची धाकटी रिकामी आहे." आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, तर तो निदान लहान तरी बघावा. मी डोंगरच ओढून घेतला.

पहिले सहा महिने सगळं छान होतं. ती पत्रं फोडायची, प्रत्येकावर तारखेचा शिक्का मारायची, प्रश्नांची वेगळी चळत, तक्रारींची वेगळी. मला 'ताई, ताई' करत विचारायला यायची. मीही हौसेने सांगायची. एकदा एका मुलीचं पत्र आलं: 'तेव्हाच्या कामगारांना सुट्टी मिळायची का?' मी तिला सांगितलं, की थडगी खोदणाऱ्या कामगारांच्या वस्तीत दगडाच्या चिपेवर लिहिलेली हजेरी सापडली आहे. कोण कधी आलं नाही आणि का आलं नाही, ते सगळं त्यात आहे. विंचू चावला, डोळे दुखतात, घरी बिअर गाळायची आहे. धाकटी हसत सुटली. संपादकांनी तिला म्हटलं, "तूच लिही उत्तर." तिने तीन पानं लिहिली.

त्याच हजेरीची मी चौदा वर्षांपूर्वी सहा ओळींची चौकट केली होती. माहिती तीच. माझ्या चौकटीत ती मेली होती, तिच्या लेखात उठून बसली. त्या महिन्यात सत्तर पत्रं आली. एकाने लिहिलं, की सव्वातीन हजार वर्षांपूर्वी विंचू चावलेल्या माणसाची मला काळजी वाटायला लागली आहे. मी ते पत्र वाचलं आणि मला ती गोष्ट कळली, जी कळू नये म्हणून मी एकोणीस वर्षं संदर्भग्रंथांच्या मागे बसले होते. मला सगळं माहीत होतं, आणि सांगता काही येत नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच गोड शब्दांत कशाला सांगू? हेवा म्हणजे हेवा. तिचं सदर सुरू झालं तेव्हा झाला. तिचा फोटो सदराच्या डोक्यावर आला तेव्हा जास्त झाला. तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं, त्या दिवशी तर मी डबा तसाच परत नेला. घरी जावं तर तिथेही सुटका नाही. सासूबाईंनी माझं मासिक पंधरा वर्षं कपाटात कागद म्हणून अंथरलं होतं. आता त्या भिंग घेऊन धाकटीचं पान वाचायच्या आणि शेजारणींना ऐकवायच्या. मधेच माझ्याकडे वळून म्हणायच्या, "तूपण लिहीत जा की गं काहीतरी."

"मी तपासते, आई," मी म्हणायची.

"तेही लागतंच म्हणा कोणीतरी," त्या म्हणायच्या आणि पुढे वाचायच्या.

गेल्या चार महिन्यांपासून तर मी धाकटीचं लिखाण वाचणंच सोडलं होतं. तिची पानं आली की रेघा तेवढ्या बघायच्या. साल बरोबर, खूण. माप बरोबर, खूण. मधली वाक्यं मी नजर चुकवून ओलांडायची, चिखलातून जाताना साडी उचलून धरावी तशी. मग सही.

अशातच इजिप्तची बातमी आली. एका उत्खननाच्या जागेवर पंधरा दिवस राहून बघायला तिथल्या मंडळींनी आमच्या मासिकाला एक जागा देऊ केली होती. संपादकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं आणि म्हणाले, "कोण जाणार ते पुढचा अंक बाहेर पडल्यावर सोमवारच्या बैठकीत सांगेन." पुढच्या अंकाचा मुख्य लेख धाकटीचा होता. त्यामुळे कोण जाणार ते शिपायालाही कळलं होतं. तो तिला आधीच म्हणाला, "तिकडून थोडी वाळू आणा."

माझी जागा! माझी नव्हती तर कोणाची होती? मी घरी जाऊन कपाटातून पासपोर्ट काढला, उघडला, मिटला आणि परत ठेवला.

तिचा मुख्य लेख माझ्या टेबलावर आला. एका लाकडी पुतळ्यावरचा होता. कुणा मोठ्या धान्यकोठारातल्या लेखनिकाचा पुतळा, हातभर उंचीचा, नव्याने सापडलेला. मी नेहमीप्रमाणे रेघा बघितल्या. उंची, लाकडाची जात, सापडल्याची तारीख, राजवंश. नऊ रेघा, नऊ खुणा, एक सही. सगळं धरून पंधरा मिनिटं लागली. एरवी मला अशा लेखाला दोन दिवस लागतात.

त्याच आठवड्यात मांडणी करणाऱ्याच्या खोलीत गेले. त्याला आम्ही 'फुटपट्टी' म्हणतो, कारण त्याच्या शर्टाच्या खिशात ती कायम असते. घरी जाताना काढायलाही विसरतो. भिंतीवर नव्या अंकाचं मुखपृष्ठ टाचलं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर तो लाकडी लेखनिक, पूर्ण उभा, खाली ठळक अक्षरांत 'कोठारातला माणूस'. मी पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

त्याचा उजवा पाय पुढे होता.

आता हे इतरांना कळायचं नाही, म्हणून सांगते. प्राचीन इजिप्तमध्ये पुरुषाचा उभा, चालता पुतळा केला, की डावा पाय पुढे. राजा असो की राजाचा नोकर. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि त्याचा उपयोगही असतो. पुतळ्याचा उजवा पाय पुढे दिसला, की समजायचं, फोटो उलटा छापलाय, आरशात दिसतो तसा. फुटपट्टीने दोन वर्षांपूर्वी हा पराक्रम एकदा केलाही होता. 'चेहरा पानाच्या आतल्या बाजूला बघायला हवा' म्हणून त्याने एक अख्खा राजा फिरवला होता. तेव्हा छपाईच्या आदल्या दिवशी मीच पकडला होता.

या वेळी मी तोंड उघडलं नाही. आमच्याकडे मुखपृष्ठ तपासनिसाकडे येत नाही. 'मुखपृष्ठ विकायला असतं, तपासायला नाही,' असं संपादक म्हणतात. त्यावर फक्त लेखकाची आणि संपादकांची सही असते. म्हणजे चूक निघाली तर माझ्या अंगाला काही चिकटणार नव्हतं. मी फुटपट्टीला म्हटलं, "रंग छान आलाय." तो खूश झाला. मीही खूश होते. इतकी, की घरी जाऊन धाकटीला मी आपण होऊन चहा करून दिला, आणि ती माझ्याकडे बघतच राहिली.

नुसती चूक छापून येऊन भागणार नव्हतं. ती कोणाच्या तरी लक्षात यायला हवी होती, आणि तीही सोमवारच्या आत. आता आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. वाचकाने चूक दाखवणारं पत्र लिहिलं, तर त्याला आम्ही 'चूकपत्र' म्हणतो. ते सोमवारच्या बैठकीत मोठ्याने वाचलं जातं. वाचायचं तपासनिसाने, उभं राहून, कारण चूक त्याच्या हातून निसटलेली असते. मग त्या लेखकाने तिथेच उत्तर द्यायचं. एकोणीस वर्षांत मी अशी बरीच पत्रं मान खाली घालून वाचली आहेत. हे एक मान वर करून वाचायला मिळणार होतं.

पण वाचकांवर भरवसा कोणी ठेवायचा? सगळ्यांना पाय मोजता येतात असं नाही. म्हणून ते पत्र मीच लिहिलं.

छापखान्यातून अंकांचे गठ्ठे दोन तारखेला कचेरीत आले. एक अंक पिशवीत घालून मी घरी नेला. तो उघडायचीही मला गरज वाटली नाही, मुखपृष्ठच पुरे होतं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि डाव्या हाताने लिहायला बसले, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. शाईत पाय बुडवलेली कोंबडी कागदावरून गेल्यासारखं ते दिसत होतं, पण मजकूर झकास जमला. 'महोदय, आपल्या मासिकाचा मी जुना वाचक आहे. आपल्या मुखपृष्ठावरील पुतळा उजवा पाय पुढे टाकून उभा आहे हे पाहून धक्का बसला. शाळकरी मुलालाही माहीत असलेली गोष्ट लेखिकेला माहीत नसावी, याचं दुःख होतं. ज्यांना फोटो सुलटा की उलटा हे समजत नाही, त्यांच्याकडून इतिहास काय समजून घ्यायचा?' खाली 'एक जुना वाचक'. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आयुष्यात इतकं चांगलं वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं, हेही त्याच वेळी लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाताना पत्र पेटीत टाकलं.

शुक्रवारी पत्र आलं. धाकटीने फोडलं, शिक्का मारला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. "ताई, सोमवारी वाचायचं एक आलंय," एवढंच म्हणाली आणि खिडकीजवळ जाऊन बसली. मी पत्र वाचल्याचं नाटक केलं, 'अरेरे' वगैरे पुटपुटले. शनिवार आणि रविवार आम्ही एकाच घरात काढले. तिने पत्राचा विषय काढला नाही. मला वाटलं, बिचारी घाबरली असेल. अगदीच दया आली नाही असं नाही, पण ती पोटापर्यंत पोचली नाही. तिथे जागा नव्हती.

सोमवारी बैठकीला आम्ही आठजण होतो. संपादकांनी आधी अंकाच्या खपाचं सांगितलं, मग म्हणाले, "इजिप्तचं शेवटी घेऊ. चूकपत्र आहे का?"

"आहे सर," मी म्हटलं आणि उभी राहिले.

वाचायला सुरुवात केली. माझा आवाज असा काही दुःखी लागला होता, की मलाच कौतुक वाटलं. 'उजवा पाय पुढे' हे वाक्य आलं तेव्हा फुटपट्टीने मान खाली घातली. मला वाटलं, लाजला. संपादकांनी चष्मा काढला. मला वाटलं, हादरले. 'इतिहास काय समजून घ्यायचा' इथे मी जराशी थांबले, म्हणजे वाक्य नीट उतरेल. मग सही वाचली आणि धाकटीकडे पाहिलं.

धाकटी म्हणाली, "ताई, याचं उत्तर लेखातच आहे. तिसरा परिच्छेद. तुम्हीच वाचता का? तुमचा आवाज आज छान लागलाय."

तिने अंक उघडून माझ्यापुढे सरकवला. लेखाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. मी उभीच होते, आणि नाही म्हणायला कारण नव्हतं. मी वाचायला लागले.

'सगळ्यांचा डावा पाय पुढे असतो. राजाचा, सेनापतीचा, राजाची पादत्राणं सांभाळणाऱ्या माणसाचाही. हा एकटाच उजवा पाय टाकून निघाला आहे. वाचकहो, फोटो उलटा छापलेला नाही. आम्हीही तेच समजलो होतो, म्हणून संग्रहालयाला दोनदा विचारलं. तो असाच आहे. अभ्यासक म्हणतात, कदाचित तो जोडीतला असेल, दाराच्या दोन बाजूंना दोन पुतळे समोरासमोर ठेवायचे म्हणून एकाचा पाय बदलला असेल. त्यांचं खरं असेल. पण मला वेगळंच वाटतं. मला वाटतं, कारागिराची चूक झाली. लाकूड महाग होतं, टाकून कोण देणार? त्याने घाबरत घाबरत तो पुतळा लेखनिकाच्या बायकोला दाखवला. तिने पुष्कळ वेळ बघितलं आणि म्हणाली, राहू दे. ते असेच निघायचे.'

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला. नाटक नव्हतं ते. मला तो माणूस दिसला, उजवा पाय आधी टाकून कामाला निघालेला, आणि दारात उभी असलेली त्याची बायको दिसली. तिच्या लेखातलं एक वाक्य मी चार महिन्यांनी वाचलं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर, मोठ्याने. मग उरलेलं सगळं माझ्या लक्षात आलं. खोलीतल्या प्रत्येकाने हा लेख वाचला होता. शिपायानेसुद्धा. न वाचलेली मी एकटीच होते, आणि शेवटच्या पानावर सही माझी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संपादकांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं, "बाई, तपासताना हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं?"

मी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "सर, चूक माझी आहे. लेख मी फार उशिरा दिला. ताईंना मीच म्हटलं, वेळ नाही, तुम्ही आकडे बघा आणि सही करा. त्या नकोच म्हणत होत्या."

किती सफाईने बोलली! क्षणभरही अडखळली नाही. आणि सगळ्यांना ते पटलंही. संपादक मान हलवायला लागले, फुटपट्टी हुश्श करून खुर्चीत टेकला. मी फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिले असते, तर एकोणीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. इजिप्तचीही आशा थोडीशी शिल्लक राहिली असती. पण मग माझं नाव तिच्या मेहरबानीवर उभं राहिलं असतं. लिहायला ती माझ्यापेक्षा चांगली, लोकांना ती माझ्यापेक्षा आवडती, सासूबाईंची ती लाडकी. आता मनानेही ती माझ्यापेक्षा मोठी? एवढं एक मी तिला मिळू देणार नव्हते.

"ती खोटं बोलतेय, सर," मी म्हटलं. "लेख चार दिवस आधी आला होता. मी वाचला नाही. तिचं काहीच मी चार महिने वाचत नाही. रेघा बघते आणि सही करते."

"का?"

"वाचवत नाही."

"वाईट लिहिते?"

"छे," मी म्हटलं. "वाईट लिहिलं असतं तर आनंदाने वाचलं असतं. मला हेवा वाटतो तिचा. पहिल्या लेखापासून वाटतो. आत्ता तिसरा परिच्छेद वाचताना सगळ्यात जास्त वाटला."

मी खाली बसले. लोकांना वाटलं असेल, काय ही बाई प्रामाणिक! तो प्रामाणिकपणासुद्धा मी हेव्यापोटीच केला होता, पण तेवढं सांगायचं त्राण उरलं नव्हतं. संपादकांनी बराच वेळ समोरच्या कागदांची चळत नीट केली. मग म्हणाले, "यापुढे सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहायचं, 'संपूर्ण वाचले'. प्रत्येक लेखावर." मग धाकटीकडे वळून त्यांनी जायची तारीख सांगितली, आणि बैठक संपली.

संध्याकाळी बसथांब्यावर आम्ही दोघीच होतो. रोज एकत्रच जायचो, घर एकच म्हटल्यावर करणार काय? मग तिने पर्समधून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. माझ्याच पत्राचं पाकीट होतं.

"टपालाचा शिक्का बघा," ती म्हणाली. "तीन तारखेचा आहे. अंक बाहेर पडला पाचला. छापखाना सोडला तर तीन तारखेला मुखपृष्ठ पाहिलेले आपण आठजणच."

एकोणीस वर्षं तारखा तपासण्यात घालवली मी.

"शुक्रवारीच कळलं तुला?"

"शुक्रवारीच. आणि आठांत मला इतकं मनापासून कोण लिहिणार, ते काय अवघड होतं?" तिचा आवाज चढला. "फार राग आला होता, ताई. शनिवारी तुम्ही समोर बसून भाजी निवडत होतात, आणि मला वाटत होतं, ताट उचलावं आणि भिंतीवर आपटावं. म्हणून ठरवलं, तुम्हालाच वाचायला लावायचं, सगळ्यांसमोर. तो परिच्छेद."

"मग मला वाचवलंस कशाला?"

"तुमचा आवाज फुटला ना शेवटी," ती म्हणाली. "लिहून मोठ्याने वाचताना माझाही तिथेच फुटला होता. त्याच वाक्याला. मग राग पुढे ओढता येईना." लगेच म्हणाली, "आणि घरी आईंना काय सांगणार होते? भिंग घेऊन आपल्या दोघींच्या मागे लागल्या असत्या."

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. मी पाकिटाचे चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकले. ती पायातल्या चपलेने जमिनीवरचा खडा इकडून तिकडे करत होती. पुढच्या महिन्यात याच चपला घालून ती तिथल्या वाळूत उभी राहणार होती. ज्या भिंतींचा तळहाताएवढा तुकडासुद्धा मला पाठ आहे, त्या भिंतींना हात लावणार होती. हेवा होता तिथेच होता. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, त्यामुळे तो नुसताच दुखत होता.

"परत आल्यावर मला काही सांगू नकोस," मी म्हटलं. "कसं होतं, काय पाहिलं, काय वाटलं, एक अक्षर नको. मला सहन व्हायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

बस आली. तिला पुढे जागा मिळाली, मला पार मागे. मी तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत बसले. तीन थांबे गेले. मग मी उठले, माणसांमधून वाट काढत पुढे गेले आणि तिच्या शेजारी दांड्याला धरून उभी राहिले.

"सगळं सांग," मी म्हटलं. "एकूण एक. काही गाळलंस तर याद राख."